ऐकलं ना मी?

आमच्या भिंतीवर एक खिळा आहे, हात पोचेल अशा उंचीवर.
त्यावर सासऱ्यांचा पट्टा असायचा.
लग्न झालं त्या वर्षी सावाने तो उतरवला,
सरोवरात फेकला म्हणाला.
(मी नंतर पाहिला, होडीची वल्ही बांधलेली त्याने.)
खिळा मात्र कुणी उपटला नाही.
आता तिथे कांद्यांची वेणी टांगते मी,
आणि घरात कुणाचा आवाज चढला
की पोरगा आधी तिकडे बघतो.
त्याला कुणी सांगितलं? मी तर नाही.

तीखोन. सात वर्षांचा.
या कानाने ऐकून त्या कानाने सोडायला
आधी या कानात तरी शिरायला हवं.
बूट दारात काढ.
कोंबड्यांना पाव घालू नकोस.
जेवणाआधी क्रूसाची खूण, दोन बोटांनी, तीन नव्हे.
सगळं पालथ्या घड्यावर पाणी.
शाळेच्या वहीत लाल शाईने येतं: लक्ष खिडकीबाहेर.
फेदोस्या आत्या म्हणते, वाळके वाटाणे पसर,
त्यावर गुडघे टेकून बसव तासभर,
आम्ही नाही का माणसं झालो?
मी तिच्या गुडघ्यांकडे बघते.
पायरी उतरताना अजून ती
कुणाला तरी पुटपुटत शिव्या देते.

मी वाटाणे नाही पसरले. कोपरा दिला.
भिंतीकडे तोंड, मी सांगेपर्यंत.
आणि सांगायचंच विसरले.
मासे धुरीवर होते, लाकूड ओलं होतं.
परतले तेव्हा वॉलपेपरवर
नखाने कोरलेला एक मासा होता, खवल्यांसकट.
किती वेळ गेला ते मला
खवले मोजून कळलं.

मार्चमध्ये पीपसचा बर्फ
वरून पांढरा दिसतो, म्हणजे दिसतोच नुसता.
सावासाठी सूप घेऊन गेले होते. आत्याही होती.
तीखोन लांब, कोल्ह्याच्या पावलांमागे,
पक्क्या बर्फावर, कुणाला त्रास न देता.
आत्या म्हणाली, बघ, हाक मारून बघ, येतो का.
मी मारली.
सूप निवत होतं म्हणून नव्हे,
ती बघत होती म्हणून.
"तीखोन! इकडे ये! आत्ताच्या आत्ता!"

आणि तो आला.
जन्मात पहिल्यांदा, पहिल्या हाकेला,
सरळ रेषेत,
मधल्या त्या करड्या पट्ट्यावरून
जिथे कोळी वळसा घालतात.
पट्टा मला हाकेनंतर दिसला.
थांब म्हणू? तो तिथेच थांबला असता.
हाक काही दोरी नसते, परत ओढता येत नाही.
बर्फ दोनदा बोलला,
जुनं दार कुणी हळूच लोटावं तसा.

काही झालं नाही.
एका बुटात पाणी शिरलं, एवढंच.
आत्या म्हणाली, बघ, जोरात बोललं की ऐकतात.

रात्री भट्टीवरच्या उबेत, पाय माझ्या पोटाला लावून
त्याने विचारलं, "आज ऐकलं ना मी?"
हो म्हणाले.
चहात मध घातला, एक चमचा जास्त.
तो झोपला. मी नाही.
सात वर्षं ज्या कानाशी भांडत होते
तो उघडा होता तर,
आणि मी त्यात काय ओतलं?

सकाळी सावाचा लोखंडी गज त्याच्या हातात दिला.
म्हटलं, पाऊल टाकायच्या आधी ठोकायचं.
टणक आवाज आला तर पुढे.
भद्द आला तर मागे,
मग पलीकडून कुणीही बोलावू दे.
"तू बोलावलंस तरी?"
कांद्याचं एक साल हातात होतं, ते चुरगाळत बसले जरा.
"मी बोलावलं तरी."

आता तो सगळं ठोकतो.
टेबल, बादली, आत्याच्या पाठीमागची भिंत,
एकदा माझी पाठसुद्धा, कान लावून.
काय ऐकू आलं ते सांगत नाही.
बूट अजून दारात काढत नाही.
काल ठोकता ठोकता खिळ्यापाशी पोचला,
वेणी खाली पडली, कांदे घरभर.
मी तोंड उघडलं,
त्याने भिंतीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.
मग आम्ही दोघं खाटेखाली शिरलो,
कांदे गोळा करायला.